आर्टिस्टिक स्केटिंग: गाणं दरवर्षी बदलायचं की दोन मोसम तेच ठेवायचं?

वाघूरकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी बारा वर्षांची आहे, क्वाडवर (दोन-दोन चाकांच्या जोड्यांच्या स्केटवर) फ्री स्केटिंग करते. पाचही सिंगल उड्या येतात, अ‍ॅक्सेल (समोर तोंड करून घ्यायची दीड फेऱ्यांची उडी) दहातून सहा वेळा उतरते, सिट स्पिन (बसून गिरकी) पक्का आहे, कॅमल (एक पाय मागे आडवा धरून गिरकी) तिसऱ्या फेरीला डळमळतो. सराव जळगावला, ४० बाय २० मीटरच्या पॉलिश सिमेंटवर, उन्हामुळे सध्या सकाळी साडेपाच ते साडेसात.

प्रश्न गाण्याचा आहे. आतापर्यंत दर मोसमाला नवं गाणं घेतलं, बहुतेक त्या वर्षी सिनेमातलं जे गाजलं ते. नवं गाणं म्हणजे नवी कोरिओग्राफी. ती पाठ होईतो जिल्हा स्पर्धा येते, राज्य स्पर्धेला कुठे अंगात भिनायला लागते आणि मोसम संपतो. क्लबात काहींचं म्हणणं असं की तेच गाणं पुन्हा दिसलं की परीक्षक कंटाळतात. पण बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये मोठमोठे खेळाडू एकच प्रोग्राम दोन-दोन, तीन-तीन मोसम चालवताना दिसतात. मग खरं काय? पुढच्या सात-आठ वर्षांच्या वाटचालीत गाण्याने आणि कोरिओग्राफीने खरंच किती फरक पडतो, की उड्या पक्क्या असल्या म्हणजे झालं? आणि २ मिनिटं ४० सेकंदांचा प्रोग्राम धरला तर निवड कुठून सुरू करायची? माहीतगारांनी सविस्तर लिहावं.

आठमात्रा

भाऊ, सुरुवात आवडीवरून नका करू, मोजणीवरून करा. गाणं न लावता मुलीला दोन मिनिटं नुसते क्रॉसओव्हर (एका पायावरून दुसरा टाकत वळणं) घ्यायला सांगा, तिच्या नेहमीच्या वेगात. मिनिटाला किती वेळा पाय ढकलते ते मोजा. समजा ६० वेळा. मग मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं तिला बसतं, दर दुसऱ्या ठोक्याला एक पाय. त्याऐवजी ९६ ठोक्यांचं गाणं दिलं तर तिला मिनिटाला ४८ पायांवर यावं लागतं, म्हणजे प्रत्येक पाय लांबवावा लागतो. बर्फावर एका ढकलीत पात्याची कड (एज) लांबवर वाहत जाते. सिमेंटवर चाकांचं घर्षण ते होऊ देत नाही, शिवाय क्वाडचं वजन जास्त. म्हणून बर्फावर सुंदर वाटणारे संथ, लांब सुरांचे तुकडे या वयाच्या मुलीला चाकांवर उघडं पाडतात. सूर अजून चालू असतो आणि स्केट थांबत आलेली असते. परीक्षकाला दिसते ती गेलेली गती.

आता वही घ्या. १२० ठोक्यांच्या गाण्यात आठ मात्रांचं आवर्तन ४ सेकंदांचं होतं. २ मिनिटं ४० सेकंद म्हणजे १६० सेकंद, म्हणजे ४० आवर्तनं. ४० चौकटी आखा. ९६ च्या लयीत आवर्तन ५ सेकंदांचं, म्हणून ३२ चौकटी. केरवा आठ मात्रांचाच असल्याने त्यात हा हिशेब सरळ बसतो. दादरा सहा मात्रांचा, त्याचं वजन दर तीन मात्रांनी पडतं. त्यात क्रॉसओव्हर दोन-दोन मात्रांनी घेतले की जोर भलत्याच पायावर येतो आणि मुलगी गाण्याच्या बाहेर दिसते, का ते कुणाला सांगता येत नाही. दादरा घ्यायचा तर एक पाय दोन मात्रा आणि दुसरा एक मात्रा असा लांब-आखूड पायटा आधी महिनाभर घोटून घ्यावा लागतो. तो आला तर दादऱ्याइतकं देखणं दुसरं काही नाही.

एका साध्या उडीला तयारी, उड्डाण, उतरणं आणि धरणं मिळून दोन चौकटी लागतात. कॉम्बिनेशनला तीन. एका स्थितीच्या स्पिनला तीन, बदलत्या स्पिनला चार, फुटवर्कला सहा. चार सुट्या उड्या, एक कॉम्बिनेशन, दोन स्पिन आणि फुटवर्क धरलं तर २४ चौकटी गेल्या. सुरुवातीची आणि शेवटची स्थिती मिळून दोन. उरल्या १४. बहुतेक क्लबांत या चौदा चौकटींत मुली फक्त रिंकला फेऱ्या मारतात आणि मध्येच हात वर करतात. प्रोग्राम रिकामा दिसतो तो इथे.

उडी कुठे टाकायची ते नीट बघा. या वयात हवेतला वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, म्हणजे १२० च्या लयीत एक मात्रा. तेव्हा आठव्या मात्रेला उड्डाण आणि समेवर लँडिंग. पुष्कळ ठिकाणी उलटं बसवलेलं असतं: समेवर उडायचं. मग लँडिंग रिकाम्या मात्रेवर पडतं आणि उडी नीट उतरूनही चुकल्यासारखी वाटते. उतरल्यावर निदान तीन मात्रा पाय मागे धरायला मोकळ्या ठेवा. तिथे हाताची हालचाल घुसडली की मुलगी ती गाठण्यासाठी लँडिंग लवकर सोडते. ती सवय पुढे डबल (दोन फेऱ्यांच्या) उड्यांना नडते, कारण डबलचा फिरण्याचा जोर लँडिंग धरूनच मोडायचा असतो.

दहातून सहा वेळा उतरणारी अ‍ॅक्सेल गाण्याच्या सगळ्यात उंच टप्प्यावर ठेवू नका. तो टप्पा पक्क्या सिट स्पिनला द्या. अ‍ॅक्सेल सहाव्या ते आठव्या चौकटीत, पाय ताजे असताना, जिथे गाणं नुसतं वाहतंय तिथे. आणि तिच्यानंतर एक चौकट अशी ठेवा की जी गाळली तरी कुणाला कळणार नाही. पडून उठायला साधारण तीन-चार सेकंद जातात. ती चौकट नसली की मुलगी उरलेला सगळा प्रोग्राम गाण्यामागे धावते, आणि एका पडण्याची किंमत चार ठिकाणी मोजावी लागते.

कॅमलसाठी एवढंच: तो तिसऱ्या फेरीला डळमळतोय तोवर ठोक्याच्या तुकड्यावर ठेवू नका. तंतुवाद्याचा किंवा बासरीचा सलग सूर असेल तिथे ठेवा. दोन फेऱ्या कमी पडल्या तरी सुरात खपतात, ढोलावर खपत नाहीत.

सातपुडा_पायथा

"उड्या पक्क्या असल्या म्हणजे झालं का" याचं उत्तर बर्फावरच्या आकड्यांतच आहे, म्हणून ते आधी लिहितो.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या निकालावरून वाद झाला आणि त्यानंतर जुनी ६.० गुणांची पद्धत गेली. आता प्रत्येक घटकाचे वेगळे गुण आणि त्यावर सादरीकरणाचे वेगळे गुण असतात. २०२२-२३ पासून सादरीकरणाचे घटक तीन आहेत: कंपोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स, प्रत्येकी दहापैकी. महिलांच्या फ्री स्केटमध्ये त्यांची बेरीज २.६७ ने गुणतात. समजा एखादीला तिन्हींत ६.५० मिळत होते आणि चांगल्या कोरिओग्राफीने ते ७.२५ झाले. पाऊण गुण गुणिले तीन गुणिले २.६७, म्हणजे ६ गुण वाढले. ट्रिपल लट्झची (तीन फेऱ्यांच्या एका अवघड उडीची) मूळ किंमत ५.९० आहे. म्हणजे एक अख्खा ट्रिपल लट्झ, आणि तो पडू शकत नाही.

कोरिओग्राफिक सीक्वेन्स हा घटक तर खास याच्यासाठीच आहे. त्याला पातळ्या नाहीत, मूळ किंमत ठरलेली ३.००, आणि परीक्षकांनी +५ दिले तर ५.५० पर्यंत जाते. पावलांची अवघड सीक्वेन्स चौथ्या पातळीची केली तरी मूळ किंमत ३.९० च. आपल्याकडे चाकांवर रोलआर्ट या गुणपद्धतीत सादरीकरणाचे घटक चार आहेत (स्केटिंग स्किल्स, ट्रान्झिशन्स, परफॉर्मन्स, कोरिओग्राफी), पण तर्क हाच.

आता तेच गाणं ठेवण्याबद्दल. जपानच्या युझुरू हान्यूने शोपँचं पहिलं बॅलड शॉर्ट प्रोग्रामला २०१४-१५ मध्ये घेतलं, २०१५-१६ मध्ये ठेवलं, मग २०१७-१८ मध्ये परत आणलं आणि २०१८ च्या प्योंगचांगला त्यावर आणि "सेइमेई" या फ्री प्रोग्रामवर आपलं दुसरं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. "सेइमेई"सुद्धा २०१५-१६ मधलंच होतं. परीक्षक कंटाळले नाहीत, कारण सूर तेच असले तरी आतल्या उड्या मोसमागणिक बदलत होत्या. नंतर पुरुषांचा फ्री प्रोग्राम साडेचार मिनिटांवरून चारवर आला, तेव्हा २०२० मध्ये त्याने तेच संगीत कापून पुन्हा वापरलं. अमेरिकेच्या नेथन चेनने २०२१-२२ चा मोसम मोझार्टवरच्या नव्या फ्री प्रोग्रामने सुरू केला, मध्येच तो बाजूला ठेवून एल्टन जॉनच्या गाण्यांवरचा जुना प्रोग्राम परत घेतला आणि बीजिंगला सुवर्ण जिंकलं. ऑलिंपिकच्या वर्षात जुन्याकडे परतणं हा आळस नाही. दमलेल्या पायांना रस्ता पाठ असणं ही फार मोठी मदत असते.

पण बदलायचंच असतं अशीही वेळ येते. अमेरिकेची मिशेल क्वान १९९५ च्या जागतिक स्पर्धेत चौदा वर्षांची होती. फ्री प्रोग्राम स्वच्छ केला, तरी चौथी आली, कारण बाकीच्यांसमोर ती लहान मुलगी दिसत होती. पुढच्या मोसमासाठी कोरिओग्राफर लोरी निकोल यांनी "सालोमी"च्या कथेवर प्रोग्राम बसवला. केशरचना, पोशाख, हातांची ठेवण, नजर, सगळं मोठ्या बाईचं. १९९६ ला एडमंटनमध्ये क्वान पंधराव्या वर्षी जगज्जेती झाली. हे उदाहरण बघून बारा वर्षांच्या मुलीला काजळ घालून उदास गाणं देऊ नका, माझं आग्रहाचं सांगणं आहे. क्वानचं स्केटिंग आधीच त्या वजनाचं झालेलं होतं, गाण्याने ते दाखवलं. स्केटिंग लहान आणि गाणं मोठं असं झालं की मुलगी गाण्याखाली दबते.

बदलाचा दुसरा चांगला नमुना कोरियाची किम यू-ना. २०१० च्या व्हँकुव्हरला शॉर्टमध्ये जेम्स बाँडच्या संगीतावर तुटक, टोकदार हालचाली, आणि फ्रीमध्ये गर्शविनच्या पियानो कॉन्चेर्तोवर सलग वाहणं. दोन्हींचा कोरिओग्राफर एकच, डेव्हिड विल्सन, जो तिच्याबरोबर आधीपासून काम करत होता. एकूण २२८.५६ गुण. तिच्या अंगाची ओळख असलेला माणूस कायम होता म्हणून बाज बदलता आला. गाणंही नवं आणि बसवणाराही नवा असं दरवर्षी केलं तर काहीच साठत नाही, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं तेच होतंय असं मला दिसतं.

शेवटी एक इशारा. २०१८ च्या ऑलिंपिकला रशियाच्या अलिना झागितोवाच्या फ्री प्रोग्राममध्ये सगळ्या उड्या उत्तरार्धात होत्या, कारण उत्तरार्धातल्या उड्यांना १० टक्के जास्त मिळत. पूर्वार्धात नुसते स्पिन आणि पावलं. सुवर्ण मिळालं. त्याच उन्हाळ्यात नियम बदलला: ही वाढ आता शॉर्टमध्ये शेवटच्या एका उडीला आणि फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांना. ज्यांनी त्याच बेताने प्रोग्राम बसवले होते त्यांना संगीत पुन्हा कापावं लागलं. नियमाच्या फटीवर बेतलेली मांडणी एका परिपत्रकाने जाते. संगीताच्या चढ-उतारावर बेतलेली मांडणी सहसा टिकते.

लोखंडी_पूल

आवाजाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

रिंक ४० मीटर लांब. स्पीकर एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाला आवाज जवळजवळ ०.१२ सेकंद उशिरा पोचतो. १२० च्या लयीत ही पाव मात्रा झाली. परीक्षक स्पीकरजवळ बसले असतील तर लांबच्या टोकाची उडी त्यांना उशिरा आल्यासारखी दिसते, मुलगी ऐकतेय त्या ठोक्यावर बरोबर असूनही. म्हणून टोकदार ठोक्याच्या जागा परीक्षकांच्या बाजूला ठेवा आणि लांबच्या टोकाला सलग सुराच्या.

डीजेच्या धाटणीची गाणी घरच्या हेडफोनवर दणकेबाज वाटतात. पत्र्याच्या छताखाली तोच खर्जाचा दणका घुमतो आणि मुलीला ठोका नेमका कुठे आहे ते कळतच नाही. गाणं निवडताना मोबाइल बादलीत ठेवून लावा आणि लांब उभे राहून ऐका. त्यातूनही ठोका कळला तर गाणं हॉलमध्ये चालेल. कापायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे, फुकट मिळतं. कडव्याच्या शेवटी कापा, ओळीच्या मध्ये नाही. दोन तुकडे एकाच पट्टीत असतील तर सांधा कळत नाही. पट्ट्या वेगळ्या असतील तर मध्ये झांज, ढोलाचा एखादा ठोका किंवा अर्ध्या सेकंदाची शांतता टाका. शेवट हळूहळू विरवत नेऊ नका. मुलगी थांबते आणि गाणं अजून घुटमळत असतं. शेवट थापेवर हवा.

कापून झालेली वेव्ह फाइल जपून ठेवा आणि स्पर्धेला ३२० केबीपीएसची एमपी३ द्या. एमपी३ पुन्हा पुन्हा कापून सेव्ह केली की आवाज दरवेळी थोडा फाटतो. दोन पेन ड्राइव्ह, दोन्हींवर फक्त तीच एक फाइल, नाव आणि वयोगट लिहून.

वाघूरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चौकटी आखून बघितल्या: आमच्या सध्याच्या प्रोग्राममध्ये १४ पैकी ११ चौकटी नुसत्या फेऱ्या आहेत, आणि अ‍ॅक्सेल नेमकी मुखड्यावर आहे.

आणखी दोन गोष्टी. धुळ्याच्या एक नृत्यशिक्षिका प्रोग्राम बसवून द्यायला तयार आहेत. त्यांचं भरतनाट्यम आहे, स्केटिंगशी संबंध नाही. आणि घरून आग्रह आहे की गाणं आपल्याकडचं घ्यावं, अहिराणी किंवा सातपुड्यातलं. ते स्पर्धेत चालतं का?

तोरणमाळ_वाट

ताल आपला असेल तर मुलगी तो न मोजता पकडते, हा त्यातला मोठा फायदा. आणि जागतिक पातळीवरही ते चाललेलं आहे. व्हँकुव्हर २०१० ला आइस डान्सच्या ओरिजिनल डान्स या फेरीचा विषय लोकनृत्य होता. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी सिनेमाची गाणी घेतली, "कजरा रे" आणि "डोला रे" त्यात होती. भारतीय नृत्य जाणणाऱ्या व्यक्तीकडून मान, डोळे आणि हस्तमुद्रा शिकून घेतल्या. त्या मोसमात तो नाच जगभर गाजला आणि त्यांना रौप्य मिळालं. त्याच स्पर्धेत रशियाच्या ओक्साना दोम्निना आणि माक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या नावाने नाच केला. अंगावर रंगाचे पट्टे, पानं, आणि त्या लोकांना न विचारता. तिथल्या आदिवासी नेत्यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि पोशाख बदलावा लागला. कांस्य मिळालं, पण चर्चा शेवटपर्यंत त्याचीच राहिली.

हे नंदुरबारकडच्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. काठी गावच्या होळीचा ढोल, मोरपिसांचा टोप, कमरेचे घुंगरू ही तिथल्या भिल्ल-पावरा समाजाची मानाची आणि व्रताची गोष्ट आहे. ढोलाचा ताल घ्यायचा तर तिथल्या वाजवणाऱ्याकडून घ्या, त्याला विचारून, त्याचं नाव सांगून. टोप आणि रंग घेऊ नका. पोशाखावर लावलेलं काही निखळून रिंकवर पडलं तर बर्फावर त्याचाही एक गुण कापतात, आणि चाकाखाली आलेलं पीस पायाला घातकच.

सुराच्या बाजूने बघाल तर पावरीचा (तिथल्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा) सूर सलग असतो, कॅमलसाठी वर ज्याने सांगितलंय अगदी तसा. आखाजीची (अक्षय तृतीयेची) झोक्याची गाणी मला फार योग्य वाटतात. त्यांची लय झोका जाण्या-येण्याची आहे, आणि थ्री-टर्न्स व मोहॉक (पुढून मागे वळण्याचे पायटे) तशाच पुढे-मागे जातात. फुटवर्कच्या सहा चौकटी त्यावर आपोआप बसतील. खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांत मात्र बायकांचा समूहस्वर असतो आणि ओळ परत परत येते. २ मिनिटं ४० सेकंद तेच ऐकलं की प्रोग्राममध्ये चढ-उतार दिसत नाही. ते घ्यायचं तर ४० सेकंदांचा एक तुकडा, बाकी वाद्यसंगीत.

शब्दांबद्दल: बर्फावर एकेरी आणि जोड्यांना शब्दांसह गाणं २०१४-१५ पासून चालतं, त्याआधी नाही. चाकांसाठी त्या वर्षीचं परिपत्रक वाचा. शब्द असले की हालचाल शब्दांचं चित्र काढायला लागते, "डोळे" म्हटलं की डोळ्याकडे बोट. ते आवरा. ओळीचा भाव घ्या. आणि गाणं कुणाकडून नवं गाऊन घेत असाल तर लेखी परवानगी घेऊन ठेवा. २०२२ च्या ऑलिंपिकच्या सुमारास अमेरिकेच्या एका जोडीवर त्यांच्या संगीताच्या वादकांनी परवानगी नसल्याबद्दल खटला भरला होता.

आठमात्रा

मॅडमना जरूर घ्या, पण कामं वाटून. हात, खांदे, मान, नजर, थांबण्याची स्थिती त्यांची. रस्ता आणि पाय प्रशिक्षकाचे. कारण साधं आहे. जमिनीवर नाचणारी आठ मात्रांत दोन पावलं सरकते. चाकांवरची मुलगी सेकंदाला ४ मीटर जात असेल तर त्याच आठ मात्रांत १६ मीटर जाते, आणि तुमचा रिंक अडीच आवर्तनांत संपतो. जमिनीवर बसवलेला तुकडा चाकांवर नेला की एकतर मुलगी थांबते किंवा कठड्यावर जाते. म्हणून आधी कागदावर रिंक काढा, १ मीटरला अर्धा सेंटिमीटर, म्हणजे २० बाय १० सेंटिमीटरचा आयत. त्यावर चौकटींचे आकडे टाकत रस्ता आखा. एकाच कोपऱ्यात दोनपेक्षा जास्त उड्या येत असतील तर रस्ता बदला. हा नकाशा मॅडमना दाखवा आणि सांगा की या रेषेवर या क्षणी मुलीचा उजवा हात कामात आहे, डावा मोकळा आहे. थ्री-टर्नच्या क्षणी खांदे फिरवायचे असतात. तिथे मुद्रा दिली तर टर्न घसरतो. भरतनाट्यमचा एक मोठा उपयोग म्हणजे अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं): सिट स्पिनला मांड्या खाली न्यायला तिचा फार फायदा होतो.

ब्रिटनच्या आइस डान्स जोडीचं, टोर्विल आणि डीन यांचं १९८४ चं बोलेरो मॅडमना मुद्दाम दाखवा. रावेलची ती रचना कापूनही ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली येईना, आणि मर्यादा ४ मिनिटं १० सेकंद. वेळ मोजली जाते ती स्केटचं पातं बर्फाला लागल्यापासून. म्हणून दोघं पहिली १८ सेकंदं गुडघ्यांवर बसून नुसती वरच्या अंगाने डोलली. कलात्मकतेचे नऊच्या नऊ परीक्षकांचे ६.०. सगळ्यात लक्षात राहिलेली सुरुवात नियमाच्या अडचणीतून निघाली, आणि तिथे हात-खांदे-मान एवढंच कामात होतं.

दोन मोसमांचा बेत असा करा. पहिल्या वर्षी १४ मोकळ्या चौकटींपैकी आठच भरा, सहा साध्या ठेवा. जिल्हा स्पर्धेआधी सहा आठवडे रोज एकदा पूर्ण प्रोग्राम, गाण्यासह, पडलं तरी न थांबता. बाकी वेळ तुकड्यांत: चौकट १ ते १३, १४ ते २७, २८ ते ४०. थकवा तिसऱ्या तुकड्यात येतो, म्हणून आठवड्यातून तीन दिवस सराव तिसऱ्या तुकड्यापासून सुरू करा. नाहीतर तो कायम दमल्या पायांनीच शिकला जातो आणि वाईट पायटा पक्का होतो. दुसऱ्या वर्षी गाणं तेच, उरलेल्या सहा चौकटी भरा, अ‍ॅक्सेल दहातून नऊ झाली की तिच्या जागी डबल सालकॉव किंवा डबल टो लूप आणा आणि अ‍ॅक्सेल मागे, पंचविसाव्या चौकटीच्या पुढे सरकवा. तिसऱ्या वर्षी वयाबरोबर वेळमर्यादा बदलेल, तेव्हा गाणं बदला.

उन्हाळ्यात सिमेंट तापलं की युरेथेनची चाकं नरम पडतात आणि स्पिन लवकर थांबतात. एप्रिल-मेमध्ये स्पिनच्या फेऱ्या मोजून चौकटी ठरवू नका, नाहीतर पावसाळ्यात त्याच चाकांवर स्पिन संपायच्या आधी गाणं पुढे निघून जाईल. फेऱ्या जूननंतर मोजा, रिंक ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळल्यावर, स्पर्धेला जी चाकं लावणार त्याच चाकांवर.